सप्टेंबरातल्या सह्या

आमच्या जिल्ह्यातील स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद माझ्याकडे आले, तेव्हा मावळत्या अध्यक्षांनी कपाटाची किल्ली, दोन चेकबुके, एक रबरी शिक्का आणि एक सल्ला एवढे माझ्या स्वाधीन केले. "बाकीचे अकरा महिने अध्यक्ष कोण आहे याने काही अडत नाही, सप्टेंबर मात्र अंगावर येतो, त्या महिन्यात स्वतःची कामे घेऊ नका," असे ते म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेले आणि २०२४च्या सप्टेंबरने ते हसणे माझ्याकडून व्याजासकट वसूल केले.

लातूरसारख्या गावात अभियंत्याचा सप्टेंबर का भरतो, हे बाहेरच्या माणसाला सांगायचे तर कॅलेंडरच उघडावे लागते. पाच तारखेला शिक्षक दिन, म्हणून निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार. सात तारखेला गणेश चतुर्थी. पंधरा तारखेला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती, म्हणजे अभियंता दिन. सतरा तारखेला अनंत चतुर्दशी आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन त्या वर्षी एकाच दिवशी आलेले. मग पितृपंधरवडा आणि आमच्या घटनेप्रमाणे महिनाअखेरीच्या आत घ्यावयाची वार्षिक सर्वसाधारण सभा. पितृपंधरवड्यात कोणी भूमिपूजन करीत नाही, त्यामुळे सभासद रिकामे सापडतात, म्हणून सभा नेमकी तेव्हाच ठेवायची ही आमची जुनी रीत आहे. आणि महिन्याचा शेवटचा दिवस किल्लारीच्या भूकंपाचा. तो कोणत्याही निमंत्रणपत्रिकेत नसतो, पण या भागात पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक अभियंत्याच्या मनात तो असतोच.

महिना सुरू होण्याआधीच त्याचा सूर लागला होता. २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला आणि चारच दिवसांनी त्या कामाशी संबंधित संरचना सल्लागाराला अटक झाल्याची बातमी आली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु आमच्या व्हॉट्सॲप गटावर त्या आठवड्यात पुतळ्याविषयी फार थोडे बोलले गेले आणि सहीविषयी फार. कोणत्या कागदावर सही होती, चौथऱ्याची होती की वरच्या भागाची, अशा प्रश्नांवर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा चाले. मेमध्ये घाटकोपरला जाहिरात फलक कोसळून माणसे गेली, तेव्हापासून फलकांच्या प्रमाणपत्रांची मागणी वाढलेली होतीच. त्यात सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात पावसाने असा काही जोर धरला की भिंतीला ओल आली, छताला तडा दिसतो, कुंपण कलंडले, असे फोन थेट अध्यक्षाला येऊ लागले. संघटनेचा अध्यक्ष म्हणजे चोवीस तासांचा फुकट सल्लागार, असा लोकांचा समज आहे आणि तो आम्हीच मागच्या एका जनजागृती मोहिमेत पत्रके वाटून करून दिलेला आहे.

गणेश मंडळांच्या कमानींचे काम त्यातच आले. चौकातल्या स्वागतकमानी उभारणारे बहुतेक लोक मंडपवाले असतात, त्यांना बांबू आणि दोरी यांची जाण आमच्यापेक्षा बरी असते. पण हल्ली कमानी लोखंडी पाइपांच्या आणि वर मोठ्या फ्लेक्सच्या असतात. फ्लेक्स म्हणजे वाऱ्याच्या हिशेबात शीडच. आम्ही चौघे-पाचजण दोन संध्याकाळी फिरून सांगत होतो की पाया नसेल तर निदान वाळूची पोती टाका, ताण द्या आणि फ्लेक्सला वारा जायला खिडक्या कापा. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने नम्रपणे विचारले, "सर, खिडकी साहेबांच्या चेहऱ्यावर येते, थोडी खाली कापली तर चालेल का?" आम्ही खाली कापू दिली.

अभियंता दिनाविषयी सविस्तर लिहिण्यासारखे खरे तर कमी आहे, कारण असे समारंभ सगळीकडे एकाच साच्यातून निघतात. तरी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली फलकाची. सिमेंट आणि सळई कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर आमचा दिवस साजरा होतो, त्यामुळे व्यासपीठामागच्या फलकावर सळईचे चित्र विश्वेश्वरय्यांच्या छायाचित्राच्या तिप्पट होते. आणि त्यांचे नाव फलकावर एका प्रकारे, प्रमाणपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि निमंत्रणपत्रिकेवर तिसऱ्या प्रकारे छापले गेले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मोजमापात चूक खपवून घेतली नसेल, त्याच्या नावात आम्ही एका सकाळी तीन चुका केल्या. छापायला जाण्यापूर्वी तिन्ही मसुदे माझ्याकडे आले होते आणि तिन्हींवर माझी मंजुरीची सही होती.

दुसरी गोष्ट सत्काराची. सत्कार कोणाचा करायचा यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या होत्या. मी आग्रह धरला की एक सत्कार सळई बांधणाऱ्या फिटरचा करावा. आमच्या भागात एक फिटर आहे, त्याला मी वीस वर्षे ओळखतो. खांबातल्या उभ्या सळयांभोवतीची रिंग वळवताना तिचे टोक तो कोणी न सांगता आत, १३५ अंशांत वळवतो. काटकोनात वळवून सोडलेली रिंग भूकंपाच्या हादऱ्यात वरचे काँक्रीट सुटले की उघडते आणि मग खांबातल्या उभ्या सळया मोकळ्या होऊन वाकतात. आत वळवलेले टोक काँक्रीटच्या गाभ्यात रुतून राहते. फरक फक्त पंचेचाळीस अंशांचा, पण हाताने हजारो रिंगा वळवणाऱ्याच्या मनगटाला तो दिवसअखेर चांगलाच जाणवतो. भारतीय मानकात ही गोष्ट लिहिलेली आहे, आमच्या नकाशांवर ती काढलेली असते आणि साइटवर ती बहुतेक वेळा विरते. म्हणून हा सत्कार. ठराव झाला, शाल आली, श्रीफळ आले. पंधरा तारीख रविवारी होती. फिटर आला नाही, कारण रविवारी त्याचा स्लॅब होता. त्याच्या वतीने त्याचा ठेकेदार आला, पांढरा शर्ट घालून, आणि शाल-श्रीफळ घेऊन छायाचित्रही काढून गेला. पुढे फिटरची गाठ पडली तेव्हा मी विचारले, "शाल मिळाली का?" तो म्हणाला, "नारळ मिळाला, सर."

माझ्या अध्यक्षीय भाषणात मी विश्वेश्वरय्यांच्या कृष्णराजसागर धरणापेक्षा हैदराबादवर भर दिला होता, कारण लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते आणि ती गोष्ट आमच्या घरची आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसे वाहून गेली. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे सांगतात आणि ते झाड आजही दाखवतात. पुढच्या वर्षी निजामाच्या बोलावण्यावरून विश्वेश्वरय्या तेथे आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेला, खडकवासल्याच्या धरणावर पाणी ठरावीक पातळीवर चढताच आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेला हा माणूस. शहरात भिंती बांधून पूर अडवण्यावर तो थांबला नाही. त्याने नदी शहरात शिरण्याच्या वरच्या अंगाला पाणी कोठे धरता येईल ते शोधले. त्यातून पुढे १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. हे सगळे मी तयारी करून सांगत होतो, परंतु प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आल्यामुळे भाषणाच्या वेळी जेवणाची पंगत उघडली होती आणि समोर प्रायोजकांचे प्रतिनिधी तेवढे बसलेले होते. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सकाळी आठपासून ते उपाशी होते.

त्याच दिवशी दुपारी मी सह्या केल्या. प्रश्नमंजूषा, प्रतिकृती, भित्तिपत्रके, स्वयंसेवक अशा सगळ्यांची मिळून दीडशेच्या वर प्रमाणपत्रे होती आणि स्पर्धांचे निकाल अजून लागायचे होते. सचिव म्हणाले, "सर, तुम्ही कोऱ्यावर करून ठेवा, नावे आम्ही नंतर घालू." मी केल्या. विसाव्या प्रमाणपत्रानंतर आडनाव गळाले, साठाव्यानंतर सहीची एक रेघ उरली. याच महिन्यात व्हाउचरांवर, धनादेशांवर, प्रायोजकांच्या आभारपत्रांवर, सभागृहाच्या अर्जावर, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीवर आणि धर्मादाय कार्यालयात द्यायच्या फेरफार अर्जावर मिळून आणखी किती सह्या झाल्या, ते मोजण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाळेत असताना पडत असे तसा घट्टा पडला होता.

त्या रात्री साडेनऊला दाराची घंटा वाजली. आमचा एक तरुण सभासद होता, स्वतःचे छोटे कार्यालय चालवणारा, समारंभात दिवसभर खुर्च्या उचलणारा. चहा नको म्हणाला. गावात जुन्या बाजाराच्या मागे एक तीन मजली इमारत आहे, १९९२ सालची. महानगरपालिका कायद्याच्या कलम २६५अप्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचना अभियंत्याकडून तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते; व्यवहारात सगळे या प्रमाणपत्राला नुसते 'स्टॅबिलिटी' म्हणतात. ती स्टॅबिलिटी याने दिली होती. जूनमध्ये. आणि पावसाच्या त्या दोन दिवसांनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जाचा एक तुकडा खाली उभ्या स्कूटरवर पडला होता. माणूस कोणी नव्हते. रहिवाशांपैकी दोघांनी तक्रार करण्याची भाषा सुरू केली होती.

त्याने लॅपटॉप उघडून मला एक पत्र दाखवले. संघटनेच्या नावाने, अध्यक्षांच्या वतीने: सदर घटना ही अतिवृष्टीमुळे झालेली नैसर्गिक झीज असून तिचा इमारतीच्या एकंदर स्थैर्याशी संबंध नाही, वगैरे. मराठी चांगले होते. "सर, फक्त तुमची सही," तो म्हणाला.

मी पत्राविषयी काहीच बोललो नाही. मी विचारले, "त्या इमारतीचा जिना कोणत्या बाजूला आहे?"

तो गप्प राहिला. लॅपटॉपचा पडदा मंद झाला, मग काळा झाला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की सोसायटीच्या अध्यक्षांनी छायाचित्रे पाठवली होती, गच्चीची, खांबांची, पार्किंगची; सगळे ठीक दिसत होते; फी दोन हजार ठरली होती, आणि त्या आठवड्यात वडिलांचे ऑपरेशन होते. जायचे होतेच, पण राहून गेले.

त्याला झापायला मी सहज सुरुवात करू शकलो असतो. त्यासाठी लागणारे वय आणि पद दोन्ही माझ्याकडे होते. परंतु दुपारी दीडशे कोऱ्या कागदांवर, कोणाचे नाव येणार ते न पाहता, ज्याने सही केली होती तो मीच होतो. प्रमाणपत्र अंगावर पडत नाही, हे खरे आहे. पण हाताला लागणारी सवय तीच असते, आणि त्याच्यासमोर बसल्यावर मला माझ्या बोटावरचा घट्टा झाकावासा वाटला. शिवाय मला एक ओसरी आठवत होती, ती गोष्ट मी त्याला त्या रात्री सांगितली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी मी एकवीस वर्षांचा होतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. आमच्या भागातली जुनी घरे माळवदाची: बाहेरून नीट घडवलेले दगड, आतूनही दगड आणि दोहोंच्या मध्ये मातीत भरलेला खडीगोट्यांचा भरणा, दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यांच्यावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते, चोराला भिंत फोडता येत नाही, आणि मालकाला वाटते की एवढ्या जाडीची भिंत कधी पडणारच नाही. पण भिंतीच्या दोन्ही तोंडांना एकत्र बांधून ठेवणारा आरपार लांब दगड घालण्याची पद्धत मोडीत निघाली होती. हादरा बसताच भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटली आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली. शिवाय हा सगळा टापू त्या वेळच्या भारतीय मानकात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. २००२मध्ये मानक बदलले, पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशावरचा रंग बदलायला नऊ वर्षे लागली.

बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली, ती पुढची गोष्ट. पहिल्या काही आठवड्यांत कडेच्या गावांमध्ये, जेथे घरे उभी होती पण भेगाळली होती, तेथे नुकसानीच्या पाहणीसाठी माणसे हवी होती आणि आम्हां विद्यार्थ्यांना दोघादोघांच्या जोड्यांनी एकेका निवृत्त ओव्हरसियरबरोबर पाठवले होते. हातात फळी, फळीवर छापील तक्ता, तक्त्यात घराची प्रतवारी. पाऊस पडत होता. एका घराच्या ओसरीसमोर, ताडपत्री बांधून एक म्हातारी बसली होती. तिच्याभोवती नातवंडे आणि एक शेळी. तिने माझ्या हातातली फळी पाहिली आणि विचारले, "लेकरा, आत निजावं का?"

मला नमनाघूर्ण, म्हणजे बेंडिंग मोमेंट, काढता येत होते. तुळईतील प्रतिबले काढता येत होती. दगडमातीच्या भिंतीविषयी मला कोणी काही शिकवले नव्हते, कारण तो विषय अभ्यासक्रमात जुना समजला जात असे. ओव्हरसियर पुढच्या गल्लीत गेले होते. मी भिंतीकडे पाहिले, भिंत उभी होती, भेग बोटभर होती, पोरे भिजत होती. मी म्हणालो, "निजा."

थोड्या वेळाने ओव्हरसियर परत आले. त्यांनी भिंतीवर बाहेरून तळहात फिरवला, एक डोळा मिटून कोपऱ्यातून तिची रेघ पाहिली आणि सेंट्रिंगच्या कामाची असावी अशी एक पातळ सळई भेगेत घातली. सळई आत जात राहिली. त्यांच्या कोपरापर्यंतची लांबी आत गेली तरी ती कशालाच टेकली नाही. भिंतीला पोट सुटले होते. आतली बाजू आणि बाहेरची बाजू यांचा संबंध कधीच संपला होता. ते मला म्हणाले, "जा, तिला नाही म्हणून सांगून ये." ते स्वतः गेले नाहीत. मला जावे लागले. मी नाही म्हणून सांगितले तेव्हा ती भांडली नाही, एका पोराला उचलून घेतलेले होते, त्याला परत ताडपत्रीखाली ठेवत म्हणाली, "मघा तर हो म्हणलास की."

एकतीस वर्षे झाली. या काळात मी पुष्कळ इमारतींचे आराखडे केले, बऱ्याच प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. कायद्याच्या भाषेतला तो मजकूर कितीही लांबलचक असो, खाली सही करताना मी उत्तर त्या एकाच प्रश्नाचे देत असतो. त्या तरुण सभासदाला मी एवढेच सांगितले आणि पत्रावर सही करणार नाही असेही सांगितले. तो उठला, चप्पल घालताना म्हणाला, "मग संघटना कशाला आहे, सर?"

हा प्रश्न मला त्याच्या पत्रापेक्षा जड गेला. संघटना कशाला आहे? वकिलांसाठी १९६१चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२चा आहे, त्यांच्या परिषदा आहेत, त्या सनद काढून घेऊ शकतात. अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा आजवर झालेला नाही. स्थानिक प्राधिकरण परवाना देते आणि तेच तो काढून घेते. आम्ही फार तर आमच्या यादीतून एखाद्याचे नाव वगळू शकतो, आणि नाव वगळलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यादीत जाऊन बसतो. सभासदाच्या पाठीशी उभे राहायचे म्हणजे त्याची चूक झाकायची की त्याला चुकीपाशी परत न्यायचे, याविषयी आमच्या घटनेत एक ओळही नाही. उद्दिष्टांच्या पहिल्याच कलमात 'सभासदांच्या हिताचे रक्षण' आहे. सज्जाखाली स्कूटर लावणाऱ्यांचा उल्लेख कोठेही नाही.

उत्तर मला एका सांत्वनभेटीत मिळाले, अर्धेमुर्धे. वीस तारखेच्या सुमारास आमच्या संस्थापक सभासदांपैकी एक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता, वयाच्या ऐंशीनंतर गेले. घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने एक ट्रंक उघडून दाखवली. आत नोकरीच्या काळातल्या डायऱ्या होत्या. कोणत्याही पानावर भावना नव्हती. तारीख, किती वाजता निघालो, कोठे पोहोचलो, कालव्याच्या कितव्या मैलात काय पाहिले, पातळी किती, बरोबर कोण होते. एका पानावर फक्त एवढेच होते: 'नाल्याला पाणी. पलीकडे जाता आले नाही. काम पाहिले नाही.' आणि खाली सही. खात्यात मोजमाप पुस्तिकेचा जुना दंडक असतो की नोंद जागेवरच करायची, शाईने करायची आणि खोडायची नाही. या माणसाने तो दंडक स्वतःच्या डायरीलाही लावला होता. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे लिहून त्याखाली सही करणारा अभियंता मी तरी त्याआधी पाहिला नव्हता.

मी ते पान मोबाइलवर टिपून घेतले आणि सर्वसाधारण सभेसाठी एक ठराव तयार केला: स्थैर्य प्रमाणपत्र देणाऱ्या प्रत्येक सभासदाने जागेवरील भेटीची तारीखवार नोंदवही ठेवावी, तपासणीची छायाचित्रे स्वतः काढावीत आणि प्रमाणपत्रावर भेटीची तारीख घालावी. सभा २९ तारखेला, रविवारी झाली. जमाखर्च पंधरा मिनिटांत मंजूर झाला. गणसंख्येअभावी अर्धा तास थांबून मग त्याच ठिकाणी सभा घ्यायची आमची पद्धतही पाळली गेली. ठरावावर मात्र दीड तास चर्चा झाली आणि ती वाईट झाली असे मी म्हणणार नाही. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की दोन हजारांत दोन भेटी आणि काँक्रीटची ताकद अजमावणारी हॅमर टेस्ट कशी परवडणार, त्याचा हिशेब अध्यक्षांनी मांडावा. दुसरे म्हणाले की आपण नियम केला की लोक बाहेरगावच्या माणसाकडून दीड हजारात सही आणतील. इमारत तशीच राहील, फी तेवढी जाईल. हे दोन्ही मुद्दे खरे होते आणि माझ्याकडे त्यांचे उत्तर नव्हते. तिसऱ्याने विचारले की पाच वर्षांनी न्यायालयात हीच नोंदवही आपल्याच विरुद्ध वापरली तर काय. तेही खरेच होते. नोंदवही असते ती त्यासाठीच. शेवटी कोणीतरी सुचवले की 'ठेवावी' या शब्दाच्या आधी 'शक्यतो' घालावे. 'शक्यतो' घातले आणि ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, अध्यक्षांची सही. पूर्ण नावाने केली. आडनावासकट.

सभेला तो तरुण आला होता, मागच्या रांगेत होता, बोलला नाही. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "उद्या सकाळी तिथे जाऊ का म्हणतो. तुम्ही येता का?"

तिसाव्या तारखेला सकाळी सातला आम्ही दोघे त्या इमारतीत होतो. जिना पश्चिमेला आहे. त्याने आदल्या रात्री रहिवाशांना फोन करून स्वतःच सांगितले होते की जूनमधले प्रमाणपत्र मी न पाहता दिले, ते मागे घेतो आणि आता तपासणी करतो. त्यावर एका गृहस्थांनी आम्हांला दारातच चार शब्द सुनावले. ते दोघांनीही ऐकून घेतले; त्या प्रमाणपत्रावरचा शिक्का माझा नव्हता, तरी मीही ऐकून घेतले. एका बाईंनी पाण्याचे तांबे आणून ठेवले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जाचे दार उघडून दिले.

सज्जाचा खालचा थर जेथे गळून पडला होता तेथे सळई उघडी होती, लाल, पापुद्रे सुटलेली. काँक्रीट नवे असते तेव्हा त्याच्यातला अल्कधर्मी गुण सळईला गंजू देत नाही. वर्षानुवर्षे हवा आणि ओल आत मुरत गेली की ते कवच जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचे काँक्रीट ढकलून देतो. पावसाने फक्त शेवटचा धक्का दिला होता. सळईवरचे काँक्रीटचे कव्हर जेथे पाऊण इंच हवे तेथे बोटाच्या पेराइतकेही नव्हते. छायाचित्रात हे दिसले नसते, कारण जूनमध्ये त्यावर ताजा रंग होता. त्याने लहान हातोडी काढली आणि उरलेल्या भागावर वीतभर अंतराने ठोकायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्, मग एके ठिकाणी बद्द. तेथे त्याने खडूने गोल काढला. पुढे पुन्हा बद्द. कडेपर्यंत सहा गोल झाले, सातवा शेजारच्या घराच्या हद्दीत निघाला. बाई दारात उभ्या राहून गोल मोजत होत्या.

"आम्ही सज्जात जायचं नाही ना तोवर?" त्यांनी विचारले.

तो माझ्याकडे पाहू लागला. मी गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहत राहिलो.

"नाही," तो म्हणाला. "दोरी बांधतो मी आत्ता. खाली गाड्याही लावू नका. आतल्या खोल्यांचं संध्याकाळपर्यंत सांगतो, खांब पाहून."

मग तो जिन्याच्या पायरीवर बसला, पिशवीतून नवी कोरी वही काढली, पहिल्या पानावर इमारतीचे नाव लिहिले, वेळ लिहिली आणि तारखेपाशी थांबला.

"सर, आज तीस ना?"

"तीस," मी म्हणालो.